शिकारीचे मुहूर्त काढणाऱ्या काकू

शैलाकाकू दामले अंडं घातलेला केकसुद्धा खात नसत, आणि हरणांच्या शिकारीचा बेत त्यांच्याइतका चोख आखणारं माणूस मी आयर्लंडमध्ये दुसरं पाहिलेलं नाही. ही दोन वाक्यं मी एका दमात बोललो की ऐकणारा माझ्याकडे जरा संशयाने बघतो. परवा इथे मलिंगारला ऑफिसातल्या एकाने सांगितलं, की शनिवारी तो मित्रांबरोबर डोंगरात हरणाच्या शिकारीला जाणार आहे. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "जमीनमालकाची परवानगी आहे ना? लेखी? यंदाची?" तो चमकला. म्हणाला, "तूही शिकार करतोस होय?" मी कसली शिकार करतोय. मी नागपूरचा माणूस, माझी सगळी मर्दुमकी सावजी रश्श्यापुरती. पण डब्लिनजवळच्या नास गावात असताना काही वर्षं काकूंच्या शेजारी राहिलो, त्यांच्या शिकारीच्या धंद्याची वेबसाइट सांभाळली, शनिवार-रविवार त्यांना डोंगरापर्यंत गाडीने नेलं-आणलं, त्याचा हा परिणाम.

काकू आता इथे नसतात. दामलेकाका निवृत्त झाले आणि दोघं साताऱ्याला परतले. फोनवर बोलणं होतं, पण फोनवरच्या काकू म्हणजे निम्म्याच काकू. त्या बघाव्यात त्या त्यांच्या भागीदाराच्या, टॉमच्या शेतघराच्या फाटकाशी, ऑक्टोबरच्या सकाळी. उंची जेमतेम पाच फूट. सलवार गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांत खोचलेली, वर काकांचं जुनं हिरवं जॅकेट, बाह्या दोनदा दुमडलेल्या. कपाळावर टिकली, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा. आणि समोर सहा-सहा फुटांचे तीन डॅनिश नाहीतर इटालियन शिकारी बंदुकीची पेटी पायाशी ठेवून, परीक्षेला बसलेल्या मुलांसारखे उभे. काकू एकेकाचे कागद बघायच्या. बंदुकीचा परवाना. हरणाचा परवाना, तो वेगळा. ज्या जमिनीवर जायचं तिच्या मालकाची परवानगी. नाव, तारखा, बंदुकीचा नंबर. चष्मा नाकावर चढवून त्या तो नंबर प्रत्यक्ष बंदुकीवर पडताळून बघत, आणि जुळला की म्हणत, "ग्रँड." 'ठीक आहे' म्हणायचा हा इथला शब्द त्यांनी असा उचलला होता की साताऱ्याच्या बहिणीशी बोलतानाही तो येई.

हे सगळं सुरू झालं मूठभर शेणावरून. काकू आयर्लंडला आल्या काकांच्या मागोमाग, डिपेंडंट म्हणून. त्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. साताऱ्याला असताना या बाईने सख्ख्या-चुलत मिळून घरातली सगळी लग्नं उभी केली होती. हॉल, भटजी, आचारी, रुसलेले मामा, सगळं एकहाती. इथे आल्यावर काका सकाळी डब्लिनची गाडी पकडायचे आणि काकू दिवसभर घरातल्या घरात डबे पुसायच्या. पहिल्या दिवाळीत पाडव्याला बळीची पूजा करायची म्हणून त्यांना शेण हवं होतं. शहराबाहेर डोंगराच्या रस्त्याला टॉमचं शेत होतं, शंभरेक गायींचं. काकू एक प्लास्टिकचा डबा घेऊन त्याच्या दारात गेल्या आणि नीट इंग्रजीत म्हणाल्या, "मला थोडं गाईचं शेण मिळेल का? ताजं असेल तर बरं." टॉमने डोक्यावरची टोपी मागे सारली. म्हणाला, "बाई, ट्रेलर आणलाय का?"

टॉमची बायको वर्षभरापूर्वी वारली होती. शेताच्या वरच्या अंगाला त्याचा डोंगर होता, त्यावर हरणं होती, आणि परदेशातून येणाऱ्या शिकाऱ्यांना घरी उतरवून डोंगरावर न्यायचा त्यांचा जोडधंदा होता. त्याची सगळी लिखापढी बायको बघायची. ती गेल्यावर टॉमने कागदांना हातच लावला नव्हता. काकू शेणाचा डबा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, तेव्हा आत टेबलाशी दोन बेल्जियन पाहुणे रडवेल्या चेहऱ्याने बसले होते. त्यांनी परवाना काढला होता नरांसाठीच्या तारखांचा, त्यांना हव्या होत्या माद्या, आणि माद्यांचा हंगाम उघडायला अजून वेळ होता. टॉम नुसता खांदे उडवत होता. काकूंनी डबा पायरीवर ठेवला, हात धुतले आणि टेबलाशी बसल्या. "मी नुसतं वाचून बघते हं," म्हणाल्या. तिन्हीसांजेला काका शोधत आले, तेव्हा बेल्जियन चहा पीत होते, टॉम बटाटे सोलत होता आणि काकू फोनवर कुणाला तरी ठासून विचारत होत्या, की तारीख बदलायची तर अर्ज नवा करायचा की जुनाच चालेल. त्या वर्षीची बळीची पूजा चुकली. पुढे रीतसर काम करायचा शिक्का मिळाल्यावर टॉमने त्यांना भागीदार केलं, पण काकू स्वतः ती भागीदारी त्या दिवसापासूनच धरायच्या.

त्यांचं काम बघताना मला कायम वाटायचं, की या बाई शिकार आखत नाहीत, लग्न काढतायत. शब्दही तेच. पाहुण्यांची टोळी म्हणजे "वऱ्हाड". आसपासचे जमीनमालक म्हणजे "व्याही". जानेवारीत, अजून मागचा हंगाम संपलेला नसताना, पुढच्या वर्षाचं बोलणं सुरू. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर मराठी कॅलेंडर. त्यावर चतुर्थी-एकादशी छापलेली, आणि तिच्यावरून काकूंनी रंगीत पेन्सिलीने मारलेले पट्टे: नर कधी ते कधी, माद्या कधी ते कधी, शिट्ट्यांचे दिवस कुठले. शरदात माजावर आलेला सिका जातीचा नर शीळ घालतो, लांबलचक आणि चिरकी. ते दिवस हेरूनच लांबचे पाहुणे येतात. सरकार मध्येच कधी तारखा इकडच्या तिकडे करी. टॉमला ते गिऱ्हाइकांकडून कळायचं. काकूंना गिऱ्हाइकांच्या आधी ठाऊक असायचं.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, "काकू, तुम्ही वरणात पडलेली मुंगीसुद्धा बाहेर काढून वाळत ठेवता. मग हे कसं चालतं तुम्हाला?"

"मी मारत नाही. मी तारखा लावते."

"तेच ते झालं."

"झालं तर झालं." त्या कोथिंबीर निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "अरे मंगेश, इथे लांडगा नाही, वाघ नाही. हरणं वाढतच जातात. टॉमने लावलेली ओकची रोपं बघितलीस ना, सालं सोलून टाकतात. शिकार होणारच. रात्री दिवे मारून, वाट्टेल तिथे, पोटुशी मादी आहे का बघायचं नाही, अशी करणारे आहेतच की. त्यापेक्षा नियमाने होऊ दे. आणि मला नाही बघवत, तेव्हा मी बघत नाही." हरीण खाली आणायची वेळ झाली की त्या खरोखरच आत निघून जात आणि देवापाशी बसत. बाहेर आल्यावर एकच प्रश्न विचारत, "एका गोळीत गेलं ना?" हो म्हटलं की त्यांचे खांदे खाली येत. एका पाहुण्याने जखमी हरीण रानात सोडून जेवायला यायचा बेत केला होता, त्याला काकूंनी दारातूनच परत पाठवलं. टॉम आणि त्याचा कुत्रा सोबत होते. हरीण सापडून सगळं संपेपर्यंत ताट वाढलं गेलं नाही.

चुका त्यांच्याही झाल्या, आणि अशा झाल्या की त्या करायला मराठी बाईच हवी. एकदा दोन इटालियन आले होते. दिवसभर पाऊस. दोघांची जॅकेटं चिंब. टॉमच्या घरी वाळायची नाहीत, म्हणून काकूंनी ती स्वतःच्या घरी आणली, मायेने पिळली आणि स्वयंपाकघरातल्या हीटरवर पसरली. त्या संध्याकाळी काकांना कटाची आमटी खायची लहर आली होती. मोहरी, कढीपत्ता, सढळ हाताने हिंग, वर दोन सुक्या मिरच्या. शेजारी माझ्या घरात मला ठसका लागला, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी पहाटे वारा पाठीमागून होता एवढंच निमित्त. हरणांचा कळप दूर, पार त्या टेकडीच्या अंगाला. एका मादीने मान वर केली, नाक फुगवलं, किंचाळली आणि सगळा कळप दिसेनासा झाला. दुसऱ्या खोऱ्यात तेच, तिसऱ्या खोऱ्यात तेच. शेवटी टॉमने एका इटालियनाच्या बाहीला नाक लावलं. परत आल्यावर काकूंना म्हणाला, "शैला, या जॅकेटाला जेवणाचा फार छान वास येतोय. मला भूक लागली. पण हरणांना काही तो रुचलेला नाही." काकूंनी कपाळाला हात लावला. त्यानंतर शिकारीच्या आठवड्यात दामल्यांच्या घरात फोडणी बंद. काका मेतकूट-भात आणि उकडलेल्या भाज्या खात, आणि भेटेल त्याला सांगत, "त्यांना हरीण मिळो न मिळो, उपासमार माझी नक्की." वाऱ्याची दिशा बघायला शिकारी लोक पावडरची बारीक बाटली जवळ ठेवतात, चिमूटभर उडवून बघतात. त्या पावडरीलाही सुवास असतो, हे काकूंनी मग हुंगून शोधून काढलं. तेव्हापासून टॉमच्या खिशात मोदकाची पिठी असायची, साताऱ्याहून आलेली, वस्त्रगाळ.

नियमाच्या बाबतीत मात्र त्या कधी चुकल्याचं मला आठवत नाही. एका वर्षी एक मोठा उद्योगपती हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी येऊन थडकला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला निघायचं होतं. काकू म्हणाल्या, आज दुर्बीण घेऊन जा, बंदूक पेटीत राहील. तो दुर्बीण घेऊन गेला, आणि नेमकं त्याच दिवशी डोंगरावर नर असे जागोजागी उभे, की फोटो काढून घ्यावेत. परत येऊन तो काकूंना म्हणाला, "उद्या आणि आजमध्ये असा काय फरक आहे? कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," काकू म्हणाल्या, आणि त्याच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली. दुसऱ्या दिवशी डोंगरावर धुकं. तो हात हलवत गेला, आणि पुन्हा आला नाही. टॉम दोन दिवस काकूंशी जरा घुश्शात होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "गेला तो ग्रँड झालं. पोळ्या मात्र सहा खाऊन गेला."

सगळ्यात मोठं काम उन्हाळ्यातलं, व्याह्यांकडे जायचं. टॉमच्या डोंगराला लागून चार-पाच जणांच्या जमिनी. हरणांना कुंपण कळत नाही, म्हणून त्या सगळ्यांची परवानगी हवी. जुनी चालली असती, पण काकू दरवर्षी नव्याने मागत. बरोबर नारळाच्या वड्या. आयरिश माणूस पहिल्यांदा नको म्हणतो, दुसऱ्यांदा नको म्हणतो, तिसऱ्यांदा घेतो. आणि आपल्याकडे आग्रह करणारी बाई तिसऱ्या वेळेलाच रंगात येते. त्यामुळे काकूंचं तिथे फार जमायचं. आधी हवा, मग गुरं, मग गुडघे, मग कुणाची लेक कुठे ऑस्ट्रेलियात, आणि उठता उठता परवानगी. सगळे देत. एक फोली सोडून.

फोलीची जमीन टॉमच्या कुंपणाच्या थेट पलीकडे. त्याच्या बापाचं आणि टॉमच्या बापाचं एका पाटाच्या पाण्यावरून फाटलं होतं, आणि दोघे बाप मरून गेले तरी ते भांडण पोरांनी जपून ठेवलं होतं. टॉम आणि फोली रस्त्यात एकमेकांना बोट उचलून सलाम करत, त्यापलीकडे शब्द नाही. काकू मात्र दर उन्हाळ्यात फोलीकडे जायच्या. तो चहा द्यायचा, वड्या खायचा, बागेतली रुबार्बची आंबट देठं बांधून द्यायचा. परवानगी द्यायचा नाही. "यंदा नको, मिसेस डी," एवढंच. परत येताना गाडीत काकू मला इथल्या लोकांच्या ढंगात म्हणायच्या, "युवर मॅन फोली, तो माणूस वाईट नाही रे. नाही म्हणताना त्याला स्वतःलाच त्रास होतो." आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा वड्या.

आता हान्सबद्दल सांगायला हवं.

हान्स डेन्मार्कचा, निवृत्त शाळामास्तर. टॉमची बायको होती तेव्हापासूनचा पाहुणा. आधी बायकोला घेऊन यायचा. ती डोंगराच्या पायथ्याशी बसून चित्रं काढायची, हा वर जायचा. ती गेल्यावर एकटा येऊ लागला. इतकी वर्षं येऊन त्याने गरजेपुरत्याच माद्या मारल्या होत्या. मोठा नर त्याला कधी लाभला नव्हता. कधी वारा फिरला, कधी धुकं आलं, कधी नर तरणा आहे म्हणून त्यानेच सोडून दिला. मग एका वर्षी मार्चमध्ये त्याने काकूंना फोन केला. डोळे अधू होत चालले होते. डॉक्टरने सांगितलं होतं, पुढच्या वेळी त्याच्या बंदुकीचा परवाना नवा होणार नाही. म्हणजे येणारा शरद हा शेवटचा. "मिसेस दामले," तो म्हणाला, "त्या डोंगरावरचा एक म्हातारा नर. एवढंच."

"मिस्टर हान्स, मी बघते," काकू म्हणाल्या. फोन ठेवला आणि त्या बराच वेळ कॅलेंडरसमोर उभ्या राहिल्या.

त्या वर्षी त्यांनी काय काय केलं ते मी जवळून पाहिलं. हान्सला सकाळचं कोवळं ऊन डोळ्यांत खुपतं म्हणून संध्याकाळच्या उतारावरची ठिकाणं शोधली. त्याचे गुडघे बघून टॉमकडून वाटेवर दोन ठिकाणी बसायला फळ्या ठोकून घेतल्या. शिट्ट्यांचे ऐन दिवस धरले, त्यात अमावास्या कुठे येते ते पाहिलं. पौर्णिमेच्या आसपास हरणं रात्रीच चरून घेतात आणि दिवसा दिसत नाहीत, असं टॉमचं म्हणणं. परवान्याचे सगळे कागद जूनमध्येच तयार. सप्टेंबरपासून टॉम रोज संध्याकाळी दुर्बीण लावून बसायचा, आणि एक नर हेरून ठेवला होता: म्हातारा, मानेवरची आयाळ काळपट, एका शिंगाचं टोक मोडलेलं. काकूंना तो नर टॉमच्या वर्णनावरून तोंडपाठ झाला होता. नवऱ्यामुलाची चौकशी करावी तशी त्या त्याची चौकशी करायच्या. आज कुठे होता? एकटाच ना? लंगडत तर नाही?

हान्स आला. पहिले चारही दिवस पावसाने खाल्ले. पाचव्या दिवशी, शेवटच्या दिवशी, सकाळी आकाश उघडलं. नर शीळ घालत होता, पण टॉमने दुर्बिणीतून बघून सांगितलं, तो कुंपणापलीकडे गेलाय, फोलीच्या रानात. काकूंनी मला गाडी काढायला लावली. फोली अंगणातच होता. काकूंनी त्याला हान्सची सगळी गोष्ट सांगितली, डोळ्यांची, बायकोच्या चित्रांची. मी फाटकापाशी होतो, मला ऐकू येत होतं. फोली बराच वेळ बुटाने खडे ढकलत राहिला. मग म्हणाला, "माझा बाप कबरीत कूस बदलेल, मिसेस डी. मला माफ करा."

"ग्रँड," काकू म्हणाल्या. आवाज मुळीच ग्रँड नव्हता.

त्या संध्याकाळी हान्सने हट्ट धरला की काकूंनीही वर यायचं. आयुष्यात पहिल्यांदा त्या शिकारीला डोंगरावर आल्या. टॉम पुढे, मग हान्स, मग काकू, आणि थर्मास घेऊन मी. आम्ही ओल्या झुडपांत पालथे पडलो. समोर उतार, उताराच्या कडेला तारेचं कुंपण, पलीकडे फोलीचं गवत. वारा आमच्या तोंडावर. ऊन तिरपं, पिवळं, हान्सच्या पाठीमागून. काकूंनी आठ महिने जे जे मागितलं होतं ते ते सगळं जुळून आलं होतं.

आणि नर आला. झाडीतून बाहेर पडला, मान लांब केली, शीळ घातली. मोडक्या टोकाचं शिंग मला नुसत्या डोळ्यांनी दिसलं. तो कुंपणाला लागून उभा होता. कुंपणाच्या पलीकडे.

हान्सने बंदूक खांद्याला लावली होती. त्याने टॉमकडे पाहिलं. टॉम कुजबुजला, "दोन पावलांचा तर प्रश्न आहे. फोली गुरांच्या बाजाराला गेलाय, मी त्याची जीप जाताना बघितली." टॉम असा माणूस नव्हता. पण हान्सवर त्याचा फार जीव होता, आणि बायको असतानाचा एवढा एकच पाहुणा आता उरला होता. मग त्याने काकूंकडे पाहिलं. हान्सनेही पाहिलं.

"त्याने सकाळी मला नाही म्हटलंय," काकू म्हणाल्या. "थांबू. येईल इकडे."

आम्ही थांबलो. नर कुंपणाच्या कडेकडेने चालला. एकदा तर तारेवरून मान इकडे काढून गवताचा घास घेतला. हान्सचं बोट बंदुकीच्या चापाबाहेर सरळ ठेवलेलं होतं. काकूंचे ओठ हलत होते, रामरक्षा असणार. उजेड विरत चालला. टॉमने शेवटी हान्सच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणजे कायद्याने गोळी झाडायची वेळ संपली. नराने आणखी एकदा शीळ घातली आणि फोलीच्या रानात वर निघून गेला. हान्सने गोळी काढून खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही त्याला विमानतळावर सोडलं. टॉमला त्याने मिठी मारली, माझा हात हातात घेतला. काकूंच्या समोर मात्र बॅग खाली ठेवून उभा राहिला. म्हणाला, "तुमचं बरोबर होतं, मिसेस दामले. आणि मला तुमचा फार राग आलाय. दोन्ही खरं आहे." मग बॅग उचलून आत गेला. मागे वळून बघितलं नाही.

परतीच्या वाटेवर काकू मागच्या सीटवर रडायला लागल्या. चांगल्या हुंदके देऊन. टॉमला मराठी येत नव्हती, पण रडणं कळत होतं; तो खिडकीबाहेर बघत राहिला. मी म्हटलं, "काकू, तुम्ही बरोबर केलंत हो." त्यांनी ओढणीने नाक पुसलं आणि माझ्यावरच उखडल्या. "बरोबर केलं म्हणून काय रडूही नये का माणसाने?"

आम्ही टॉमच्या अंगणात गाडी लावली तेव्हा चांगलं उजाडलं होतं. आणि वर, टॉमच्याच जमिनीवर, त्याच्या ओकच्या रोपांच्या मधोमध, तो उभा होता. काळपट आयाळ, मोडकं टोक. निवांतपणे एका रोपाच्या खोडावर शिंगं घासत होता. हंगाम उघडा, उजेड भरपूर, जमीन आपली. टॉमकडे परवाना होता आणि रोपं त्याचीच सोलली जात होती. टॉम दोन पावलं घराच्या दिशेने गेला, जिथे त्याची बंदूक कुलपात असते. मग थांबला. पहिल्यांदाच काकूंनी तोंड फिरवलं नाही, डोळे भरून त्याच्याकडे बघत राहिल्या. पोटभर घासून झाल्यावर तो आपणहून निघून गेला.

पुढच्या वसंतात दामले जायला निघाले. निघण्याच्या आदल्या दिवशी टॉमकडे चहा होता. मी तोवर मलिंगारला राहायला गेलो होतो, तिथून मुद्दाम आलो. काकूंनी टॉमला कॅलेंडरवरचे पट्टे पुन्हा एकदा समजावून दिले, टॉमने मन लावून ऐकल्याचं सोंग केलं. तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. पडद्यावर हान्स. जाड चष्मा आला होता. काकूंना निरोप द्यायला त्याने फोन केला होता. इकडचं तिकडचं झालं. परवान्याची मुदत संपली, बंदूक पुतण्याला देऊन टाकली, म्हणाला. राग कधीच गेला होता, तेही म्हणाला, आणि दोघं हसले. मग जरा थांबून त्याने विचारलं, "मिसेस दामले, तो नर. तो नंतर कधी आला का हो आपल्या बाजूला?"

टॉमने कप खाली ठेवला. बंदुकीवरचा नंबर चष्मा लावून पडताळणाऱ्या, एक दिवस अलीकडची तारीख कुणाला न देणाऱ्या शैलाकाकू फोनकडे सरळ बघत म्हणाल्या, "नाही हो, मिस्टर हान्स. तुम्ही गेलात, त्यानंतर तो इकडे फिरकलाच नाही."

"खरंच?"

"विचारा टॉमला," असं म्हणून त्यांनी फोन आमच्याकडे वळवला आणि फोनच्या वरून आम्हा दोघांकडे पाहिलं. त्या नजरेत धाक नव्हता, विनवणी होती, आणि काकूंच्या डोळ्यांत ती मी पूर्वी कधी बघितली नव्हती.

टॉम म्हणाला, "नाही दिसला." मी म्हणालो, "मलाही नाही दिसला."